बर्फाची स्कूटर, अगदी कमी वापरलेली

दोह्यात खिडकीच्या चौकटीत वाळू साचायची. सकाळी पुसा, संध्याकाळी तेवढीच. किश्श्यांचंही तसंच. मी एका बांधकाम कंपनीत वाहन विभागाचा क्लार्क होतो. कुठली गाडी कुठे आहे आणि का बंद आहे, हे लिहून ठेवणं हे माझं काम. नोकरी संपली, वह्या कंपनीकडे राहिल्या, किस्से मात्र माझ्याकडे साचले. त्यातले हे एकाच गाडीचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. फरीज बिन ओमरान या वस्तीत माझी दोन खोल्यांची जागा होती आणि शुक्रवारी दुपारी तिथे जेवायला दोघं ठरलेले. एक वसईचा पास्कल, हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये. दुसरा उदगीरकडचा बाबूराव मिस्त्री, आमच्याच वर्कशॉपमधला. पास्कल बोलायचा, बाबूराव जेवायचा आणि मी दोघांनाही वाढायचो.

*

पास्कलला फॅमिली व्हिसा मिळाला. बायको लूसी, सहा वर्षांचा नेल्सन आणि चार वर्षांची शर्ली येऊन माझ्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहू लागली. पास्कल पंधरा दिवस नुसता हसत होता.

मे महिन्यात त्याने मुलांना बागेत नेलं. तिथे पत्र्याची घसरगुंडी होती. नेल्सन तिच्यावरून खाली आला आणि पुढचे चार दिवस उभ्यानेच जेवला.

लूसी शांत बाई. आवाज न चढवता म्हणाली, "अहो, चार भिंतींत मी राहीन. मुलं नाही राहणार. जूनमध्ये आम्ही वसईला जातो. रिटर्न तिकीट काढू नका."

पास्कलचं हसणं तेव्हा थांबलं. चार वर्षं एकटा राहिलेला माणूस. वर्षातून एक महिना मुलं बघायची, आणि त्यातही पहिला आठवडा त्यांना ओळख पटण्यात जायचा. त्याने मला विचारलं, "मोघे, या गावात मुलांना खेळायला काय आहे?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "वाळू," म्हटलं.

*

आमच्या ऑफिसात नोटीस बोर्ड होता. देश सोडून जाणारे साहेब लोक त्यावर चिठ्ठ्या लावायचे. फ्रिज, पडदे, गाडी, कधी कधी कुत्रा. एका गुरुवारी चिठ्ठी लागली: 'विकणे आहे. बर्फावर चालणाऱ्या दोन स्कूटर. त्यांपैकी लहान स्कूटर छोटी मुलं असलेल्या कुटुंबासाठी उत्तम. कतारमध्ये अगदी कमी वापरलेली.'

जाहिरातीत इतकं खरं वाक्य मी आयुष्यात पुन्हा वाचलं नाही!

साहेब कॅनडाचा होता. घरातल्या सगळ्या सामानाचं भाडं कंपनी देते म्हटल्यावर त्याने खरोखरच सगळं सामान आणलं होतं.

पास्कलने चिठ्ठी तीनदा वाचली. "मोघे, बर्फ आणि वाळू, फरक काय हो? दोन्हींत चाक रुततं. जी बर्फात रुतत नाही, ती वाळूत कशी रुतेल?"

"एक थंड असतं," मी म्हटलं.

"तेवढाच ना?"

*

पाहायला आम्ही सगळेच गेलो. साहेबाचा बंगला अल हिलालला. गॅरेजमध्ये एक काळी, म्हशीएवढी, आणि एक पिवळी, वासराएवढी. पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, चाक एकही नाही.

जुनी गाडी घ्यायची आमची एक रीत होती. टायरला लाथ मारायची, एसी लावून बघायचा आणि आधीचा मालक कोण ते विचारायचं. इथे टायर नव्हता, एसी नव्हता, आणि मालक समोरच उभा. पास्कलचं सगळं ज्ञान दोन मिनिटांत संपलं.

बाबूराव खाली झोपला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "साहेब, ही गाडी न्हाई. ही पिठाची गिरणी हाय. उलटी घातलीया."

साहेबाने मात्र मनापासून समजावलं. मुलांसाठी मोठी घेऊ नका, स्वस्त पडली तरी. बसल्यावर पाय टेकले पाहिजेत. वेगाचा खटका लहान बोटांनी दाबला गेला पाहिजे आणि सोडला की आपोआप मागे आला पाहिजे. फिरत्या पट्ट्यावरचं झाकण फुटलेलं नको. आणि ही दोरी बघा. एक टोक गाडीला, एक मुलाच्या मनगटाला. मूल पडलं की दोरी सुटते आणि इंजिन बंद.

लूसीने प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहिली. शर्लीला बसवलं, पाय टेकतात का पाहिलं, खटका तिच्याकडून वीसदा दाबून घेतला. मग साहेबाला इंग्रजीत विचारलं, "तुमची मुलं यावरून पडली का?"

"दर रविवारी!" साहेब अभिमानाने म्हणाला.

"मग?"

"बर्फ मऊ असतो."

लूसीने चपलेच्या टोकाने खालची जमीन दाबून पाहिली. पिवळी ठरली.

*

पिकअपमध्ये टाकून आणताना वाटेत पोलिसाने अडवलं. मागे येऊन त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "शिनू हादा?" हे काय आहे?

पास्कलचं अरबी स्टोअरपुरतं. कापूस, सुई, बाटली, खलास. बर्फाला शब्द सापडेना. तेव्हा त्याने हात वर केले आणि बोटं हलवत हळूहळू खाली आणले. आकाशातून काहीतरी पडतं असं. मग स्कूटरवर बसल्याचा अभिनय केला.

पोलिसाने वर पाहिलं. मे महिन्यातलं दोह्याचं आकाश, ढगाचा पत्ता नाही. त्याने पास्कलकडे फार सहानुभूतीने पाहिलं आणि म्हणाला, "इन्शाल्ला."

आम्हाला जाऊ दिलं.

*

शुक्रवारी पहाटे आम्ही दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्यांवर. बाबूराव आदल्या दिवसापासून सांगत होता, "पट्ट्याच्या खाली पिलास्टिकच्या पट्ट्या हायत. बर्फ त्यांला थंड ठिवतो. हितं काय थंड ठिवणार?"

"सकाळची वाळू थंड असते," पास्कल म्हणाला.

लूसीची अट होती: आधी बाप, मग मुलं. तेव्हा पास्कल बसला. गुडघे हनुवटीला. मनगटाला दोरी लूसीनेच बांधली. इंजिन सुरू झालं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि पिवळी स्कूटर खरोखर निघाली! पन्नास पावलं गेली असेल. मग जळकट वास आला, मग धूर, मग पट्टा जागच्या जागी आवळला. गाडी थांबली, पास्कल मात्र पुढे गेला.

दोरी सुटली. इंजिन बंद.

आम्ही धावलो. पास्कल वाळू थुंकत उठून बसला. लूसी दोरी गुंडाळत म्हणाली, "दोरी चांगली आहे."

मग तिने न्याहारीचा न उघडलेला डबा पुन्हा पिशवीत ठेवला. परतताना वाटेत ती एकच वाक्य बोलली. "तिकिटांचं या आठवड्यात बघा."

*

त्या शुक्रवारी माझ्याकडे आमच्यापैकी कुणीच जेवलं नाही. पास्कलला भूक नव्हती, आणि त्याच्यासमोर एकट्याने जेवणं बाबूरावला पहिल्यांदाच जमलं नाही. तो उठून गेला.

संध्याकाळी गच्चीवर ठोकाठोक ऐकू आली. बाबूरावने गाडीचं इंजिन उतरवून टाकलं होतं आणि उरलेलं धड पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पुढच्या पट्ट्यांना चार बोल्ट मारून पक्कं बसवलं होतं. मागच्या बाजूला खाली वर्कशॉपमधली एक जाड स्प्रिंग. बसलं की गाडी डोलायची.

"आता पोरं पडली तरी कुठं पडतील?" तो म्हणाला.

पहिल्या दिवशी नेल्सन आणि शर्ली. दुसऱ्या दिवशी खालच्या मलबारी कुटुंबाची तिन्ही मुलं. आठवड्यात पॅलेस्टिनी, सुदानी, इजिप्तची, सगळी बिल्डिंग गच्चीवर. भांडणं झाली तेव्हा लूसी वर गेली आणि नंबर लावले. ज्याचा नंबर त्याच्या मनगटाला ती दोरी बांधायची. इंजिन नसलेल्या गाडीची! एकदा गंमत म्हणून ती स्वतः बसली, तर नेल्सन ओरडला, "ममी, इट्स नॉट युअर टर्न!"

जून उजाडला. पास्कल घाबरत घाबरत म्हणाला, "तिकिटं..."

"नंतर बघू," लूसी म्हणाली. "मंगळवारी सुदानी मुलीचा नंबर आहे. तिला दोरी कोण बांधणार?"

*

सहा वर्षांनी, योगायोगाने, आम्ही एकाच बोटीने परत आलो. मुंबईला कस्टमच्या शेडमध्ये माझ्या ट्रंका आणि पास्कलचं सामान शेजारी शेजारी. अधिकारी यादी वाचत होता. फ्रिज, टेप रेकॉर्डर, शिलाई मशीन. मग तो थांबला.

"स्कूटर?"

आम्ही निघायच्या आधी बाबूरावने बांधून दिलेलं लाकडी खोकं पास्कलने उघडलं. पिवळा रंग बहुतेक गेलेला, सीट फाटून दोनदा शिवलेली, दोरीला सात-आठ गाठी.

"नवी की वापरलेली?"

"वापरलेली," लूसी म्हणाली.

"इंजिन?"

"नाही."

"चाकं?"

"नव्हतीच."

त्याने पुढच्या पट्ट्यांना हात लावून पाहिला. "ही तर बर्फावरची दिसते. कतारमध्ये बर्फ पडतो?"

"नाही."

"तुम्ही राहणार कुठे?"

"वसईला."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "बाई, मग ही वापरलीत कुठे?"

"गच्चीवर," लूसी म्हणाली. "रोज."