शकुंतलाबाईंचं अ‍ॅव्हरेज

सिंदी मेघेच्या शकुंतलाबाईंनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत टपालाची आवक-जावक सांभाळली. निवृत्तीनंतर तिसऱ्याच महिन्यात, कुणालाही न विचारता, त्यांनी एक जुनी, लहानशी लाल गाडी दारात आणून उभी केली. गाडी शिकल्याही त्यानंतर. त्यांचे यजमान अण्णाजी गणिताचे निवृत्त मास्तर. सायकलच्या पुढे त्यांची मजल कधी गेली नव्हती. ते शेजारच्या सीटवर पट्टा घट्ट धरून बसत आणि देवाचं नाव घेत.

सगळं छान चाललं होतं. एक दिवस अण्णाजींनी टाकी फुल करून, पुन्हा फुल करून आकडा काढला.

"लिटरले साडेबारा किलोमीटर," ते म्हणाले. "बाजूच्या सुमीतची हीच गाडी एकवीस देते. तुयी गाडी पेट्रोल पिऊन नाई राह्यली, आंघोळ करून राह्यली!"

बाईंना ते फार लागलं. त्या अण्णाजींना घेऊन तडक ओमप्रकाशच्या गॅरेजवर गेल्या. "गाडीत बिघाड आहे, पाह्य बरं," म्हणाल्या.

ओमप्रकाश शेजारी बसला. बाईंनी एक चक्कर मारली. परत येईतो तो डॅशबोर्ड धरून बसला होता.

"काकू, तिसरा गिअर कधी टाकला होता?"

"तिसरा? तो मोठ्या रस्त्यासाठी असते न?"

"आन् हा डावा पाय क्लचवर काऊन ठेवला?"

"वेळेवर सापडला पाह्यजे म्हणून."

ओमप्रकाश खाली उतरला. त्यानं टायर तपासले तर हवा निम्म्यावर. डिकी उघडली, तर दोन लोखंडी खुर्च्या, पाण्याचा भरलेला कॅन आणि आठ विटा.

"विटा कायले?"

"चढावर गाडी मागं आली तर चाकाखाली लावाले."

"काकू, आपल्याकडं चढ आहे कुठं?"

यावर बाई जे हसायला लागल्या ते थांबेचनात. ओमप्रकाश हसला, अण्णाजी हसले, पंक्चर काढायला आलेला अनोळखी माणूसही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायरात हवा, डिकी रिकामी, टाकी फुल. निघाले पस्तीसेक किलोमीटरवरच्या सिंदी रेल्वे या गावाला. बाईंनी डावा पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवला. तो आपोआप परत जाई, अण्णाजी ओरडत, "पाय!" गाडीनं तिसरा घेतला, चौथा घेतला, आणि पाचवा पडला तेव्हा इंजिन इतकं शांत झालं की बाईंना वाटलं, बंद पडली.

"अवो, उडून राह्यली हे!" त्या किंचाळल्या.

काटा पन्नास-साठच्या मध्ये. पुढे बैलगाडी दिसली की त्या लांबूनच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलत, ब्रेक लावायची गरजच पडेना. मागून कोणी हॉर्न वाजवला तर खिडकीतून हात काढून म्हणत, "जाजो बापा, जाजो! माह्यं अ‍ॅव्हरेज निघून राह्यलं!" सेलूजवळ अण्णाजींना उकडलं. त्यांनी एसीच्या बटणाकडे बोट नेलं मात्र, बाईंनी ते चापट मारून परतवलं.

सिंदी रेल्वेत चहा घेतला, परत फिरले. पंपावर कवडूनं नळी लावली. कवडू इथला जुना माणूस. मशीन खट्कन थांबलं.

"तीन पॉइंट तीन," कवडू म्हणाला.

"एकाहत्तर किलोमीटर," अण्णाजी पुटपुटले. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि डोळे एकदम मोठे झाले. "एकवीस! एकवीस पूर्णांक पाच!"

शकुंतलाबाई गाडीतून उतरल्या आणि पंपावर सगळ्यांसमोर त्यांनी फुगडीसाठी कवडूचे दोन्ही हात धरले. कवडू नळी सोडायच्या आतच दोन गिरक्या झाल्या. मागच्या रांगेतले लोक उतरून पाहायला आले. अण्णाजी एकेकाला गाठून सांगत होते, "पाचव्या गिअरमध्ये घेतली न तिनं, पाचव्या!"

घर पाच मिनिटांवर होतं. बाईंनी गाडी उलट्या दिशेला, सावंगीकडं वळवली.

"आता काऊन?" अण्णाजींनी विचारलं.

"काही काम नाई," बाई म्हणाल्या. "मन भरलं नाई."

अण्णाजींनी पट्टा सोडून दिला, मग आठवण होऊन पुन्हा लावला, आणि दोघं हसत हसत निघाले.