मोडेमचा चौथा दिवा

गेल्या मंगळवारी आमच्या घरी केबलचं इंटरनेट आलं... म्हणजे यायला पाहिजे होतं. केबलवाले रफीकभाई दुपारी दोनला मोडेम घेऊन आले आणि तीन वाजले तरी मोडेमचा चौथा दिवा नुसता लुकलुकत होता. तो स्थिर झाला की नेट सुरू, एवढंच आम्हाला कळलं होतं.

नेट त्याच दिवशी हवं होतं. माझी मुलगी स्नेहल... तिला इंजिनिअरिंगसाठी कॉलेजांची पसंती ऑनलाइन भरायची होती, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. मोबाइलवर ती साइट उघडेना आणि नेट कॅफेसमोर सकाळपासून रांग. या दिवसांत लातुरात क्लासेसची किती पोरं असतात, ते इथल्यांना सांगायला नको.

रफीकभाईंनी दुसरा मोडेम लावून बघितला. त्याचीही तीच तऱ्हा. मग त्यांनी बॅग आवरायला घेतली.

"ताई, खांबावरनंच लाईन वीक यायलीय. उद्या नवी वायर ओढून देतो."

स्नेहलचे डोळे भरून आले. दोन वर्षं पहाटे पाचला उठून क्लासला गेलेली पोर... मला ते बघवेना. तिचे पप्पा एसटीवर, नांदेडच्या गाडीला. घरात मोठी अशी मीच.

मी म्हटलं, "रफीकभाई, टीव्ही तर स्वच्छ दिसायलाय."

"हाव, दिसायलाय की."

"त्याच लाईनवर हाय ना? मग खांबावरची वायर चांगलीच असंल. मोडेमही दोन-दोन बिघडलेले नसतील. राहिली ती मधली वायर."

खांबावरून येणारी वायर आमच्या हॉलमध्ये एका डबीत शिरते. तिथून एक फाटा टीव्हीला जातो, दुसरा त्यांनी मोडेमसाठी आजच ओढला होता.

"मम्मी, तू थांब ना... तुला काय कळतंय त्यातलं?" स्नेहल वैतागून म्हणाली.

तिची चूक नव्हती. तिला मी कधी सांगितलंच नव्हतं.

माझं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. घर गेलं, माझा धाकटा भाऊ गेला. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागलो आणि बाबांनी बोलणंच सोडलं. ढिगाऱ्यातून निघालेला आमचा ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन ते दिवसभर बसायचे. तो बंदच होता... भाऊ रोज त्यावर गाणी ऐकायचा.

शेडच्या वस्तीत मुलींसाठी शिवणक्लास निघाला, मुलांसाठी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा. माझं नाव शिवणात होतं. मी तो ट्रान्झिस्टर घेऊन दुरुस्तीच्या वर्गात जाऊन बसले. शेख सर शिकवायचे. त्यांनी मला उठवलं नाही. म्हणाले, "बस बेटा. उघड तो, बघू काय झालंय."

अकराव्या दिवशी तो लागला. बातम्या चालू होत्या. बाबांनी ऐकल्या... आणि कितीतरी दिवसांनी मला नावानं हाक मारली.

कोर्स पुरा केला, सर्टिफिकेट मिळालं. मग लग्न झालं आणि सासरी तो विषय कधी निघालाच नाही. ट्रंकेत तळाला कागद राहिला, एवढंच.

तर... मी रफीकभाईंकडे कटर मागितला. त्यांनी दिला, जरा हसूनच.

मोडेमकडचं टोक उघडलं. चांगलं होतं. डबीकडच्या टोकाची पिन काढली आणि वायर उजेडाकडे धरली. या वायरीत मधोमध तांब्याची तार असते आणि भोवती बारीक जाळी. दोघी एकमेकींना टेकल्या की सिग्नल मेला. जाळीचा केसाएवढा एक धागा आत वळून तांब्याला टेकला होता.

मी ते टोक छाटून टाकलं. वायर नव्यानं सोलली, जाळी मागे दुमडली, नवी पिन बसवून घट्ट दाबली. अठरा-एकोणीस वर्षांत हे केलं नव्हतं... पण बोटांना विचारावं लागलं नाही.

चौथा दिवा दोन-चार मिनिटं लुकलुकला आणि थांबला. हिरवागार!

स्नेहलनं कॉम्प्युटर ओढला. साडेचारला पसंती भरून झाली, पावती सेव्ह झाली. मग ती उठली आणि तिनं मला मिठी मारली. "मम्मी, तू हे कधी शिकलीस?" मी रफीकभाईंसमोरच सगळं सांगितलं. मामाबद्दलही सांगितलं... तिला फक्त त्याचा फोटो माहीत होता.

रफीकभाई माणूस मोठ्या मनाचा. म्हणाले, "ताई, ती पिन मीच बसवली होती. घाई झाली. आता एक अर्ज हाय... आमची माणसं दिवसभर लाईनी बदलत फिरायलीत, दोष कुठं हाय ते कुणी बघतच न्हाई. एक दिवस येऊन शिकवताल का?"

मी "बघते" म्हणणार होते. तोंडातून निघालं, "रविवारी येते."

काल गेले. त्यांच्या ऑफिसात सहा जण खाली सतरंजीवर बसले होते, त्यातले दोघे माझ्याहून मोठे. सुरुवातीला एकमेकांकडे बघत होते... अर्ध्या तासानंतर प्रश्न थांबेनात. आणि मागच्या भिंतीला टेकून आमची स्नेहल वहीत लिहून घेत होती.

निघताना ठरलं, दर रविवारी दहा ते अकरा. लातुरात एवढे क्लासेस आहेत... त्यात आता एक माझाही!