लिक तारमुजींची सहावी पेटी

जावातल्या जेपाराच्या आमच्या गल्लीत अशी आवई होती की लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या लिक तारमुजींनी, म्हणजे तारमुजीकाकांनी, एका पेटीत जिन कोंडून ठेवलाय. म्हणून ती उघडत नाही, म्हणून ते तिच्याशी कुजबुजतात, आणि म्हणूनच त्यांच्या बायकोला, बुलिक कासियेमना म्हणजे काकूंना, पन्नाशी उलटली तरी चष्मा लागला नाही. हे शेवटचं कुणी जोडलं कोण जाणे, पण त्यानं बातमीला वजन आलं.

जिन वगैरे काही नाही. पेटीत बुलिकच्या कुड्या आहेत. लिक कुजबुजत नाहीत, फुंकर मारून खाचेतला भुसा काढतात.

खरं दुखणं वेगळंच. लिकना नाही म्हणता येत नाही. तसं आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही कुणीच म्हणत नाही. लोक हो म्हणतात आणि करत नाहीत. लिक हो म्हणतात आणि करतात. त्यांचा हो विहिरीतून बादली ओढावी तसा वर येतो. आधी घशात खरखर, मग मान खाली, मग "होऽ... होऽ...", आणि शेवटी बारीकसा उसासा, निम्मं पाणी वाटेतच सांडल्यासारखा.

लग्नात त्यांनी बुलिकना दागिन्यांची पेटी कबूल केली होती. सव्वीस वर्षांत पाच केल्या. पहिली मेव्हण्यानं "काय सुबक आहे हो" म्हणत नेली. पाचवी तर पॉलिश वाळायच्या आत गेली, नेणाऱ्याच्या बोटांच्या ठशांसकट. कुड्या बिस्किटांच्या डब्यातच राहिल्या.

"लग्नाकार्यात मुंग्या माझ्या कानामागे लागतात," बुलिक म्हणायच्या. "त्यांना वाटतं, चहाबरोबर काहीतरी आलंय."

सहाव्या पेटीचा आराखडा लिकनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर काढला, खोडला, पुन्हा काढला. अंग शिसवीचं, झाकण सुलावेसी बेटावरच्या पट्टेरी काळ्या आबनुसाचं. आबनुसाचा तेवढा वीतभर तुकडा त्यांनी वडिलांच्या काळापासून जपला होता. कडेनं फणसाच्या लाकडाच्या हळदी रंगाच्या पट्ट्या. ना कडी, ना बिजागरी, ना कुलूप. डावीकडची पट्टी नखभर सरकवायची, मग मागची फळी, मग झाकण. पण पट्टी सरकायची तर आतली लाकडी खुंटी आधी पडायला हवी, आणि ती पडते पेटी पूर्ण उलटी धरली तरच. यजमानाची वस्तू त्याच्यासमोर उलटीपालटी करणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचाय.

"आता पेटीच नाही म्हणेल," लिक म्हणाले.

"आणि तुमच्या तोंडाला काय धाड भरलीय?" बुलिक म्हणाल्या.

ती पेटी हाजी सुन्तोरोंच्या नजरेला पडली. लिककडचं सगळं कोरीवकाम त्यांच्याच फर्निचरच्या कारखान्यातून येतं. हाजी बोलतात ते पान चघळल्यासारखं, प्रत्येक शब्द दोनदा फिरवून. "तारमुजी... ही पेटी... मला आवडली बरं का. देतोस?"

बादली निघाली. खरखर झाली, मान खाली गेली. "होऽ..." अर्ध्या वाटेत लिकना काय सुचलं कोण जाणे. "उघडली तर न्या."

हाजी तिथंच मांडी घालून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी उशी घेऊन आले.

पाहुणा बसलेला असताना यजमानानं उठायचं नसतं, म्हणून लिक ओट्याच्या कोपऱ्यात अडकले. मागे भिंत, पुढे चहाचं तबक, आणि पलीकडे हाजींचे गुडघे. पायाला मुंग्या आल्या तरी हलता येईना. पेटीकडे बघावं तर नजरेनं गुपित फुटायची भीती. म्हणून ते छपरावरच्या पालीकडे बघत राहिले. मग हाजीही छपराकडे बघू लागले.

"वर काही आहे का रे?"

"होऽ... पाल."

बुलिक कसाव्याच्या कंदाच्या तळलेल्या फोडी ठेवायला आल्या की नवऱ्याकडे बघून परत जायच्या. त्यांच्या पुतणीचं लग्न रविवारवर आलं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी हाजींनी पेटी बगलेत मारली. "घरी नेतो. करवतीनं तळ कापून आत काय मेख आहे बघतो. मग चिकटवू परत. चालेल ना?"

घशात खरखर झाली. मान खाली गेली. बुलिक दारात तबक धरून उभ्या होत्या. लिकचे ओठ 'हो'च्या आकारात आले आणि तसेच राहिले.

"नाही."

"काय म्हणालास?"

"नाही, हाजी. ती कासियेमची आहे."

हाजींनी पेटी खाली ठेवली. गार चहा तळापर्यंत प्यायले, उशी उचलली आणि गेले. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून कोरीवकाम आलं नाही, खुर्च्यांचे चाळीस साधे पाय आले. पुढच्या आठवड्यात आणखी चाळीस. तीन महिने लिकच्या बारीक पटाश्या भिंतीवर नुसत्या टांगलेल्या होत्या. पाय घासून घासून त्यांचा अंगठा सोलवटला. रविवारी मात्र बुलिकच्या कानात कुड्या होत्या.

पेटी जाणार, अशी पैज मी लिकशीच लावली होती: माशाच्या आंबट साराचा एक वाडगा. हाजी उशी घेऊन आले तेव्हाच मी जिंकल्यात जमा होतो. हरल्यावर मी गरीब तोंड करून म्हटलं, "लिक, पुढच्या आठवड्यात दिलं तर चालेल ना?" आणि बादलीची वाट बघत थांबलो.

"नाही," लिक म्हणाले. "आत्ताच चल. आणि वाडगे दोन. तुझी बुलिकही येतेय."