दोन कॅन मऊ पाणी

गिझरकाकांचं पोट तीस वर्षं जड पाण्यावर चाललं होतं. नळाला येणारं पाणी क्षारांनी इतकं भरलेलं, की कुणाच्याही गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढऱ्या कपच्यांनी मढून जायची आणि काकांना बोलावणं यायचं. ते कपच्या खरवडत म्हणायचे, "पाण्याला नावं ठेवू नका. याच पाण्यावर माझी लेक शिकली." खाल्ल्या अन्नाला जागणारा माणूस!

त्यामुळे पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचा विक्रेता दारात आला, तेव्हा काकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. "सगळ्या थापा," ते बायकोला म्हणाले. थापा नव्हत्या, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? काकू "बरं" म्हणाल्या आणि भांडी घासायला वळल्या.

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिला सातवा महिना लागला होता. आईनं बाळासाठी विणायला घेतलेला स्वेटर कुठवर आला, असं ती विचारत होती. काकांनी टोपली उघडून पाहिली. स्वेटर एका बाहीवरच थांबलेला.

"अगं, हा अर्धाच का टाकलास?"

काकूंनी हात पुढे केले. बोटांच्या टोकांना भेगाच भेगा. "लोकर अडकते. ओढली की रक्त येतं, मग डाग पडतात." भाजी महाग झाली म्हणावं, तशा सुरात त्या बोलल्या. जगाच्या कॉइली पाहण्यात काकांचा जन्म गेला आणि घरातले हात तेवढे पाहायचे राहिले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तरी माणूस हट्टी. मऊ पाण्यानं भेगा भरतात याची खात्री पटल्याशिवाय यंत्र घरात येणार नव्हतं. मागच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे तसं यंत्र होतं. काका रोज सकाळी तिथून दोन कॅन भरून तीन जिने चढू लागले. काकू आंघोळीला गेल्या की भांड्यांच्या बादलीतलं पाणी गुपचूप बदलायचे. सांगितलं तर नुसत्या कल्पनेनंच बरं वाटायचं, म्हणून तोंडाला कुलूप. कंबर मात्र बोंबलू लागली.

विसाव्या दिवशी ते कामावरून आले, तर काकू खिडकीशी विणत बसलेल्या. भेगा पुरत्या भरल्या नव्हत्या, पण लोकर अडकत नव्हती.

"तुला एक गंमत सांगायची आहे," काका छाती फुगवून म्हणाले.

"कॅनची ना? पहिल्याच दिवशी कळलं. आपल्या पाण्याला एवढा फेस कधी आलाय का?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी यंत्र आलं असतं." काकूंनी टाके मोजले. "इतक्या वर्षांत माझ्यासाठी तुम्ही पहिल्यांदाच काही वाहून आणत होतात. म्हटलं, आणू द्यावं थोडे दिवस."

काकांना एकदम भरून आलं.

यंत्र रविवारी बसलं. प्यायचा नळ तेवढा काकूंनी जुन्याच पाण्यावर ठेवायला लावला. चहाला तीच चव हवी होती. सोमवारी सकाळी काकांनी सवयीनं कॅन उचलले, मग हसून माळ्यावर टाकले. दाराजवळच्या खुंटीवर भाजीची पिशवी होती. ती आजवर काकूच न्यायच्या.

काकांनी पिशवी काढून खांद्याला लावली. "काय काय आणायचं, सांग," ते म्हणाले.