दादाची हिवाळ्याची चाकं

सख्ख्या भावाची किळस येऊ नये म्हणतात. मला येते. आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण सत्तर वर्षांचा माणूस काही कुक्कुलं बाळ नसतो, आणि त्याच्या वागण्यावर पांघरूण घालायचा मक्ता मी घेतलेला नाही.

दादा म्हणजे कमलाकर, माझा थोरला भाऊ. नागपूरहून डॉक्टर होऊन इकडे इंग्लंडला आला आणि हाडांच्या वॉर्डात जन्म काढला, त्यातली शेवटची सत्तावीस वर्षं नॉटिंगहॅममध्ये. कन्सल्टंट, म्हणजे वॉर्डाचा मोठा डॉक्टर, मात्र झाला नाही. तीनदा इंटरव्ह्यू दिला आणि तिन्ही वेळा त्याच्याच हाताखाली शिकलेला कुणीतरी वर गेला. ही जखम खरी आहे, मी नाकारत नाही. कन्सल्टंट लोकांच्या गाड्या हॉस्पिटलच्या दारासमोर लागायच्या, आणि दादा आपली जुनी हॅचबॅक मागच्या चिखलात लावून छत्री सांभाळत चालत यायचा. रिटायर झाल्यावर त्याने पहिली कुठली गोष्ट केली असेल तर तसलीच गाडी घेतली. लांबलचक, करडी, जर्मन, चामड्याच्या सीटची, इंजिनाचा सगळा जोर मागच्या दोन चाकांना देणारी. घ्यावी की. आयुष्यभर राबलाय, कोण नको म्हणतंय?

दादाचा रोग वेगळाच आहे. तो कंजूष नाही. कंजूष परवडला. दादा उत्तमातली उत्तम वस्तू आणतो आणि मग ती कुणाला वापरू देत नाही. डिनर सेट त्याच्या मुलीच्या, ईराच्या बारशाचा, ईरा आता अडतीस वर्षांची, अजून त्यात कुणी घास खाल्लेला नाही. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये. वहिनीला पन्नाशीला लोकरीचा निळा कोट आणला, इतका सुंदर की मलाच हेवा वाटला. तो कोट सोळा वर्षं कपाटात, लेबलसकट, 'चांगल्या प्रसंगासाठी'. लोक तहान लागल्यावर विहीर खणतात. आमचा दादा आधी खणतो आणि वर झाकण घालून कुलूप लावतो.

वहिनी म्हणजे शैलावहिनी. तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसातला डायलिसिसच्या युनिटमध्ये हजर व्हायचं आणि चार तास मशीनला लागून पडायचं. शनिवार-रविवार मध्ये गेला की सोमवारी पाय सुजलेले, श्वास लागलेला. दुसरा कुठलाही वार एकवेळ मागेपुढे होईल, पण सोमवार चुकवायचा नसतो, जिवावर बेतू शकतं. मी साधी रिटायर्ड फार्मासिस्ट, मला हे कळतं, तर डॉक्टरला कळत नसेल? नवी किडनी मिळावी म्हणून तिचं नाव यादीत आहे. मी माझी देऊ केली होती, पण मला डायबेटिस, पहिल्याच फेरीत बाद. ईरा लंडनला, स्टॅनमोरमध्ये, तिला तेव्हा दुसरं बाळ होणार होतं. दादाचं जुळलं नाही, असं दादानेच आम्हाला सांगितलं.

आधी वहिनीला न्यायला हॉस्पिटलची मिनीबस यायची, दारापर्यंत. दादाने गाडी घेतली त्याच आठवड्यात फोन करून ती बंद केली. म्हणे, "दारात अशी गाडी असताना माझी बायको त्या डबड्यातून जाणार?" वहिनी कधीच बोलत नाही, हाही एक रोगच.

आता दादाचं घर मॅपर्लीला, टेकडीच्या अगदी वर, आणि घरापुढचा ड्राइव्ह, गाडी लावायचा रस्ता, तोही घसरगुंडीसारखा उतरता. मागच्या वर्षी जानेवारीत नुसतं दव गोठलं तर गाडीचं बूड डावीकडे निघालं. तेव्हा वहिनीने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. म्हणाली, "अहो, बर्फात पकड घेणारे ते थंडीचे टायर घेऊन टाका. मला सोमवारची भीती वाटते."

मग काय, दादाला कामच मिळालं. सप्टेंबरपासून डायनिंग टेबलावर कॅटलॉग. टायरवाला एक शांत, म्हातारा स्कॉटिश माणूस होता. मी बरोबर होते म्हणून सांगते, त्याने सगळं पाच मिनिटांत सांगून टाकलं. चार घ्या, नुसती मागची दोन नकोत, नाहीतर गाडी निघेल पण वळणार नाही. तुमची एकोणीस इंची चाकं उन्हाळ्यात मिरवा. थंडीला सतरा इंची लावा, टायर अरुंद आणि बाजू जाड असलेलं बरं. आणि साध्या काळ्या लोखंडी चाकांवर बसवा, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या चिखलात शोभा कुणाला दाखवायची?

दादाने तोंड असं केलं की जणू त्याला शिळं वरण वाढलं. "भाड्याची मिनीकॅब दिसेल," एवढंच म्हणाला.

पुढे सहा आठवडे या माणसाने चाकाच्या काड्या निवडल्या. पाच काड्यांची की दहा काड्यांची. रुपेरी की गडद. सतरा की अठरा. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकून मतं मागवली. मेडनहेडचा कुणी यतीन, ज्याला आम्ही कधी पाहिलेलंही नाही, तो रोज लिंक पाठवायचा. वहिनी युनिटमधून परत यायची, रंग उडालेला, डोळे मिटत असायचे, आणि हा तिच्या तोंडासमोर आयपॅड धरायचा. "शैला, बघ ना, कुठली शोभतील?" वहिनी म्हणायची, "जी फिरतील ती."

शेवटी अठरा इंची, दहा काड्यांची, रुपेरी चाकं ठरली, वर उत्तम टायर. नोव्हेंबरात आली. टायरवाला म्हणाला, आत्ताच बसवतो, पारा सात अंशाच्या खाली गेला की हीच हवीत, मार्चपर्यंत राहू द्या. दादा म्हणाला, नको, घरी नेतो.

मी विचारलं, "का?"

"बर्फ कुठाय? कोरड्या रस्त्यावर ते मऊ रबर उगाच झिजेल. बर्फ पडेल तेव्हा बसवू."

"आणि बर्फ पडल्यावर तू टायरवाल्यापर्यंत जाणार कसा? उडत?"

"फोरकास्ट असतं, मीनल. एक दिवस आधी बसवायची."

मी हात टेकले. ईराने स्टॅनमोरहून फोनवर सांगून पाहिलं. "आत्या, डॅड माझा ऐकतच नाही," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. ती इथंच वाढलेली, तिचं मराठी असंच आहे, पण निदान अक्कल शाबूत आहे. चाकं गॅरेजमध्ये गेली. प्रत्येकाला वेगळं कव्हर, मध्ये पुठ्ठे, वरून सोलापुरी चादर. पाहुणे आले की दादा चादर उचलून दाखवायचा.

जानेवारीत एका शुक्रवारी फोरकास्ट आलं, रविवारी रात्री बर्फ. शनिवारी दादाने टायरवाल्याला फोन केला. अख्ख्या नॉटिंगहॅमने केला होता. गुरुवारची वेळ मिळाली. घरात जॅक आहे, पाना आहे, हाडं जोडणारे हात आहेत. शनिवारी दुपारी दोन तासांत चाकं बदलून झाली असती. पण रविवारी मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता, आणि त्याला तिथे ती मोठी, चकचकीत एकोणीस इंची चाकंच न्यायची होती. शनिवारची दुपार त्याने ती पॉलिश करण्यात घालवली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तिळगूळ खाऊन गप्प बसले, हे माझं पाप.

सोमवारी सकाळी साडेसहाला वहिनीचा फोन. "मीनल, येतेस का गं? हे गाडीशी झटापट करतायत." बोलताना मध्येच थांबून श्वास घेत होती.

डोळ्यांमुळे मी गाडी चालवणं सोडलंय. वीस मिनिटांचं अंतर भिंती धरत चालत गेले. चांगला वीतभर बर्फ, अजून भुरभुर चालूच, टेकडीवर कौन्सिलची मिठाची गाडी आलेली नाही. ती करडी महाराणी ड्राइव्हवर आडवी, ढुंगण शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेलं. तिच्याशेजारी दादा, बर्फावर जॅक ठेवून. जॅक सरकत होता. तरी या माणसाने एका नव्या चाकाचं कव्हर काढलं होतं, आणि डोक्यावर बर्फ पडत असताना, दारात बायको धापा टाकत असताना, तो त्या कव्हरची नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालत होता.

शी. इतकी किळस मला उकिरड्याची वाटली नसती.

"अ‍ॅम्ब्युलन्स?" मी विचारलं.

"तीन-चार तास म्हणतात."

"टॅक्सी?"

"वर यायला कुणी तयार नाही. दहा मिनिटं दे, मीनल. नुसती मागची दोन लावतो."

मी त्याच्याकडे पाठ केली. वहिनी दारात उभी होती, तिच्या जुन्या विरलेल्या जॅकेटमध्ये. मी जिना चढून वर गेले, कपाट उघडलं, निळा कोट काढला, लेबल दातांनी तोडलं आणि तिच्या अंगावर चढवला. दादा म्हणाला, "अगं, तो ओला होईल." देवाशपथ, हे शब्द त्याने उच्चारले.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि माझा हात धरला. "चल," म्हणाली.

टेकडी उतरायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. दर चार पावलांवर ती थांबायची. मी तिच्या ओठांचा रंग बघत होते आणि मनात, डायलिसिस लांबलं की रक्तात चढणाऱ्या पोटॅशियमचे आकडे मोजत होते. खाली मेन रोडवर मीठ टाकलेलं होतं. बस आली. ड्रायव्हरबाईने वहिनीला नीट बसू दिलं आणि मगच बस हलवली.

बसमध्ये जरा ऊब आली तशी वहिनी बोलायला लागली, खिडकीबाहेर बघत.

"मीनल, यांचं जुळलं होतं."

"काय जुळलं होतं?"

"किडनी. मार्चमध्ये दोन वर्षं होतील. रिझल्ट आला त्या दिवशी पेढे घेऊन आले होते. म्हणाले, आता काळजी नाही, आपल्या घरातच आहे. मशीनवर चाललंय तोवर चालू दे. अगदीच लागेल तेव्हा देऊ."

"मग आम्हाला जुळलं नाही असं का सांगितलं?"

"तुम्ही विचारलं असतंत ना, मग कधी, म्हणून."

"आणि तुम्ही? तुम्ही नाही विचारलंत?"

"किडनी काय अशी मागतात गं?" वहिनी म्हणाली. "मी तर कोटसुद्धा मागितला नव्हता." मग कोटाच्या बाहीवरचं पाणी हाताने निपटत म्हणाली, "आता सत्तरीला आलेत. आता हॉस्पिटलवाले त्यांची घेतील की नाही, कुणास ठाऊक."

माणसाला भीती वाटते, मला मान्य आहे. ज्याचं शरीर त्याची मर्जी, कुणी जबरदस्ती करू शकत नाही आणि करूही नये. टेबलावर झोपायला घाबरतो म्हणाला असता, तर मी त्याला जवळ घेतलं असतं. पण घाबरलो असं तो म्हणालाच नाही. पेढे वाटले आणि चादर घातली.

आम्ही दीड तास उशिरा पोचलो. सिस्टरने रक्त तपासलं, आकडा बघून तिचा चेहरा बदलला आणि तिने दोन मिनिटांत वहिनीला मशीनला जोडलं. वेळेवर आलात, म्हणाली. सुया आत गेल्या तशी वहिनी तिला म्हणाली, "मला परत मिनीबसच्या यादीत घाला. कुणाचा फोन आला तरी काढू नका." एवढं ठणकावून बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

अकराच्या सुमाराला दादा आला, चालत. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, बोटं काळी. क्षणभर मला त्याची दया आली, खोटं का बोला.

"लावली चाकं," तो म्हणाला. "चारही. गाडी अजून भिंतीशी अडकलीय, पण चाकं आता मार्चपर्यंत काढत नाही. शपथ."

"आणि दुसरं?" मी विचारलं.

त्याला बरोबर कळलं. तो वहिनीकडे बघेना, मशीनकडे बघायला लागला. त्या नळीतून तिचं रक्त फिरत होतं. "अगं, ते काय घाईचं आहे," तो हळूच म्हणाला. "आज निभावलं ना."

वहिनीने डोळे मिटून घेतले. मी माझी पर्स उचलली आणि बाहेर जाऊन बसले, कारण तिथे थांबले असते तर माझा हात उठला असता.

याला आता पाच आठवडे झाले. वहिनी मिनीबसने जाते, निळा कोट घालून. दादा तिच्यामागून गाडी घेऊन युनिटपर्यंत जातो, बाहेर थांबतो, आणि मिनीबसच्या मागूनच परत येतो. बर्फ काही पुन्हा पडला नाही.

काल दादाचा फोन आला. म्हणाला, "मीनल, रोजच्या जाण्यायेण्यात टायर उगाच झिजतायत गं. काढून ठेवू का?"

मी फोन ठेवला.