मुक्कामी गाडी : एक

गेल्या दिवाळीत माहेरी गेले, तेव्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेंटर गावाची माहिती रंगवत होता. लोकसंख्या लिहून झाली होती. खाली 'दळणवळण : मुक्कामी गाडी एक' एवढं आलं. तेवढ्यात समोरच्या सखूमावशी त्या मुक्कामाला येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला तोंड धुवायला गरम पाणी घेऊन निघाल्या. थांबून म्हणाल्या, "माणसांत ही दोघं धरलीस का रं?"

"ती आपल्या गावची न्हाईत, मावशी."

"रोज रात्री हितंच निजत्यात. मग कुठली म्हणायची?"



मला माझी कॉलेजची वर्षं आठवली. सकाळी वेणी घालता घालता उशीर झाला, की हीच गाडी आमच्या बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजवत थांबायची. ड्रायव्हर कितीदा बदलले, पण थांबणं बदललं नाही. मी शिकले ती त्या थांबण्यावर. आणि त्यांतल्या एकाचंही नाव मी कधी विचारलं नाही.

आता माहेरी आले की आधी ती भिंत बघते. 'मुक्कामी गाडी एक'च्या शेजारी पेंटरनं बारीक अक्षरांत लिहिलंय, 'माणसं दोन'. ते पुसायला अजून तरी कुणी सांगितलेलं नाही.