उलटे अण्णा

अण्णांच्या हातात चित्र दिलं की ते आधी उलटं करायचे. माणसाचं असेल तर डोकं खाली पाय वर, रंकाळ्याचं असेल तर पाणी वर आणि आभाळ खाली. मग कागद नाकाजवळ आणायचे, लांब धरायचे, आणि बराच वेळ न्याहाळत राहायचे. नवीन आलेल्याला वाटायचं, म्हाताऱ्याला उलटं-सरळ कळत नाही. तो बिचारा पुढे होऊन कागद सरळ करून द्यायला जायचा. अण्णा त्याचा हात बाजूला करायचे. "सरळ बघितलं की घोडा दिसतोय ओ. उलटं बघितलं की तुम्ही काय काढलासा ते दिसतंय." तोंडावर आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, माघारी उलटे अण्णा. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

गुजरीत त्यांचं चांदीचं छोटं दुकान होतं. हुपरीहून पैंजण आणायचे आणि विकायचे, जन्म त्यातच गेला. दुकान पुतण्याच्या हाती देऊन मोकळे झाल्यावर त्यांना चित्रांचा नाद लागला. उलटं करून बघायची खोड मात्र दुकानातलीच. "गिऱ्हाईक वरची नक्षी बघतंय. व्यापाऱ्यानं पैंजण पालथं करायचं आणि झाळून डाग कुठं दिलाय, जोड कसा बसलाय ते बघायचं." चित्रातही ते जोडच शोधायचे. मान खांद्यात कुठे शिरली, हात कोपरात कुठे वळला. स्वतःची चित्रं म्हणाल तर यथातथाच. त्यांची झाडं शेवटपर्यंत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसायची.

आम्ही दर रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठावर जमतो. चित्रकार म्हणावं असं आमच्यात कुणी नाही. भोसल्यांचं औषधांचं दुकान आहे, प्राजक्ता दातांची डॉक्टर आहे, मी पोस्टातून निवृत्त झालेली. काढून झालं की सगळे कागद कठड्यावर ओळीने मांडायचे आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकाने आपल्या कागदावर आपलीच चप्पल ठेवायची, अशी रीत आहे. प्राजक्ता पहिल्या दिवशी भलतीच बिथरली होती. "अहो, सरस्वती असते ती! तिच्यावर चप्पल?" अण्णा शांतपणे म्हणाले, "सरस्वती अजून आली कुठं कागदावर? आली की उचलू की चप्पल." प्राजक्ताने मुकाट्याने सँडल काढली.

दुसरी रीत अण्णांनी घातलेली. ज्याचं चित्र त्यानं बोलायचं नाही. बाकीचे काय म्हणायचं ते म्हणतील, आपण ऐकायचं. भोसल्यांना हे फार जड जायचं. "त्याचं काय आहे, ऊन एकदम गेलं, म्हणून ती सावली..." असं त्यांनी सुरू केलं की अण्णा विचारायचे, "चित्राबरोबर घरोघरी जाणार हायसा व्हय, समजावून सांगायला?" भोसले गप्प व्हायचे. निदान पाच मिनिटं तरी.

मी चित्रं काढायला लागले ती घरात बोलायला कुणी नाही म्हणून. कलेची ओढ वगैरे काही नव्हती, उगीच कशाला खोटं सांगू? हे गेले, मुलगा पुण्याला, आणि संध्याकाळी साडेसहा वाजले की घर अंगावर यायचं. काढलेलं चित्र मी मुलाला मोबाइलवर पाठवायची. पाठवलं की लगेच अंगठा यायचा. तेवढ्या वेळात चित्र नीट उघडतसुद्धा नसेल. मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं की 'मस्त', 'झकास', टाळ्यांचे हात. तोंडदेखल्या कौतुकाला नावं ठेवू नयेत, पण त्या टाळ्या वाजून गेल्या की घर आणखीनच रिकामं वाटायचं.

अण्णांना मी पहिल्यांदा दाखवली ती म्हैस. गंगावेशीत सकाळी म्हशी आणून समोर धार काढून देतात, तिथे उभी राहून काढलेली. मला ती फार आवडली होती. अण्णांनी ती उलटी केली, पाय आभाळाकडे, आणि एका पायावर बोट ठेवलं. "वैनी, ह्यो पलीकडचा पाय दिसत हुता?"

खरं तर नव्हता दिसत. गवळी आड बसला होता. पण मी म्हटलं, "म्हशीला चार पाय असतातच ना अण्णा?"

"असत्यात की. कोण न्हाई म्हणतंय? खरं, तुम्ही ह्यो बघून काढलासा, का म्हाईत हाय म्हणून?"

मला असा राग आला! वाटलं, चांदी विकणाऱ्या माणसाने मला म्हैस शिकवावी? घरी येऊन भांडी आपटली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गंगावेशीत जाऊन म्हशीसमोर उभी राहिले. इतका वेळ उभी राहिले की गवळी म्हणाला, "वैनी, दूध पायजे का म्हसच न्यायची हाय?" मी हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की हे गेल्यापासून मी केलेल्या कुठल्याही गोष्टीकडे इतका वेळ कुणी बघितलंच नव्हतं. स्वयंपाक, साडी, चेहरा, कशाकडेच नाही. त्या पायावर बोट ठेवणाऱ्या माणसाने माझी म्हैस खरोखर बघितली होती. पुढच्या रविवारची मी सोमवारपासून वाट बघायला लागले ती तेव्हापासून.

'बघून का म्हाईत हाय म्हणून' हे त्यांचं पालुपदच होतं. 'छान' हा शब्द मात्र त्यांच्याकडे नव्हताच. "छान म्हणणाऱ्याला घरी जायची घाई असती," असं म्हणायचे. स्वतःवर बोलणं आलं तर निमूट ऐकायचे. एकदा भोसल्यांनी जुना हिशेब चुकता केला. "अण्णा, तुमची होडी बुडायला लागलीया." आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. आमचे बटाटेवडे आले, त्यांनी घरून आणलेले कांदा-लसणाशिवायचे चुरमुरे काढले आणि पाण्याकडे बघत खात बसले. पुढच्या रविवारी तीच होडी पुन्हा काढून आणली. या वेळी ती पाण्यावर बसली होती. "राग आला होता का हो?" मी विचारलं. "लागलं," ते म्हणाले. "लागलं म्हणून तर परत काढली." सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असायचे आणि सगळ्यांच्या नंतर उठायचे. त्यांच्याही घरी कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बेंगळुरूला. पण आम्ही दोघं त्याविषयी कधी बोललो नाही.

गेल्या थंडीत एका रविवारी अण्णांनी प्राजक्ताचं चित्र उलटं केलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "छान." आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मग माझ्या चित्राची पाळी आली. "छान जमलंय वैनी." मी तर तरंगतच घरी आले. एकटीसाठी शिरा केला, बेदाणे घालून. पुढच्या रविवारी पुन्हा सगळ्यांना छान. भोसले म्हणाले, "अण्णा सुधारले की ओ!"

त्याच्या पुढच्या खेपेला घाईत माझा कागद कठड्यावर उलटाच ठेवला गेला. अण्णा आले. चप्पल कुठे आहे ते त्यांनी हाताने चाचपलं, कागद उचलला आणि सवयीने फिरवला. फिरवल्यावर चित्र सरळ झालं. त्यांच्या हातात माझं देऊळ नीट कळस वर करून उभं होतं आणि ते म्हणत होते, "छान." मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते कागदावर नव्हतेच, कागदाच्या जरा कडेला होते.

उठल्यावर मी त्यांच्याबरोबर चालत गेले. बाकीचे लांब गेल्यावर विचारलं, "अण्णा, दिसत नाही ना?"

ते थांबले. "कडंचं दिसतंय. मदी काळं पडलंय. ज्याच्याकडं बघावं, नेमकं त्येच जातंय. डाक्टर म्हणला, आता माघारी येत न्हाई."

"मग सांगायचं की आम्हाला!"

"आंधळ्याला चित्र कोण दाखवतंय वैनी? म्हटलं, तेवढा रविवार तरी ऱ्हाऊ दे."

त्यांचा रविवार जाणार म्हणून वाईट वाटलं, आणि माझाही जाणार म्हणून त्याहून जास्त वाटलं, हे कबूल करायला हवं. माझी चित्रं आता कोण बघणार होतं?

पुढच्या रविवारी मी त्यांच्या शेजारी बसले, कागद मांडीवर घेतला आणि म्हटलं, "मी सांगते, तुम्ही ऐका." ते म्हणाले, "ज्याचं चित्र त्यानं बोलायचं न्हाई." मी म्हटलं, "माझ्यापुरता नियम मोडा." त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन आधी उलटा केला आणि म्हणाले, "हं. बोला."

मी सांगायला लागले. डावीकडे वडाचं झाड आहे. "किती डावीकडं? बोट ठेवा माझं." मी त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलं. "बुंधा कुठं टेकलाय?" मी बघितलं. बुंधा कुठेच टेकला नव्हता. "टेकायचा राहिलाय," मी म्हटलं. "म्हंजे उडतंय व्हय झाड?" भोसले खो खो हसले. त्यांना आणि प्राजक्ताला तेवढ्यात सगळं कळलं होतं. भोसल्यांनी आपला कागद घेतला आणि रांगेत असल्यासारखे माझ्यामागे येऊन बसले. त्या दिवसापासून 'छान' पुन्हा बंद झालं. आणि सांगावं लागणार म्हटल्यावर मी कधी नव्हे इतकं नीट बघायला शिकले.

उन्हाळ्यात मुलगी त्यांना कायमचं न्यायला आली. जोतिबाची यात्रा नुकतीच होऊन गेली होती, गावात अजून गुलाल दिसत होता. शेवटच्या रविवारी मी त्यांनाच समोर बसवलं आणि त्यांचं चित्र काढलं. पांढरी टोपी, लांब कान, मांडीवर चुरमुऱ्यांचा डबा. काढून झाल्यावर शेजारी जाऊन सांगायला लागले. टोपी सांगितली, कान सांगितले. "कान मोठं काढलासा न्हवं? हायतच मोठं," ते म्हणाले. मग विचारलं, "आणि डोळं?"

"डोळे माझ्याकडे बघतायत."

अण्णा हळूच म्हणाले, "हे बघून काढलासा वैनी, का म्हाईत हाय म्हणून?"

मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या कानावरून, मागच्या पाण्याकडे कुठेतरी बघत होते. गेले कित्येक महिने ते तसेच बघत होते आणि मी चित्रात काढले होते ते जुने डोळे.

"तुमच्याकडं बघितलं की तुम्ही जातासा," ते म्हणाले. "बाजूला बघितलं की जरा दिसतासा. आत्ता दिसतासा बघा."

मी पुन्हा समोर जाऊन बसले. डोळे खोडले आणि होते तसे काढले. त्याला फार वेळ लागला, कारण मला मधेमधे कागद दिसत नव्हता. मग पुन्हा सगळं सांगितलं. अण्णांनी कागद उलटा धरून ऐकलं आणि नुसतं "हां" म्हणाले. वारा सुटला होता म्हणून मी कागद कठड्यावर ठेवून चप्पल काढायला वाकले. चपलेचा आवाज त्यांनी ओळखला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "ह्यो हातानंच धरा."

सुरुवातीला रविवारी त्यांचा फोन यायचा. "हितं चित्र सांगायला कोण न्हाई वैनी. सांगा तुमचं." मी सांगायची. पण फोनवर बोट धरता येत नाही. हळूहळू फोन कमी झाले. आता मीच कधीतरी करते, तेव्हा मुलगी म्हणते की झोपलेत. रंकाळ्यावर आम्ही अजून जमतो. कागद उलटे करून बघतो, एकमेकांना 'बघून का' विचारतो, पण त्या प्रश्नाची आमच्या तोंडून कुणाला भीती वाटत नाही.

ते चित्र मी बाहेरच्या खोलीत लावलंय. दिवाळीत मुलगा आला होता. या वेळी मोबाइल खिशात ठेवून तो त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "आई, हे खरंच चांगलं झालंय. फक्त डोळे चुकलेत बघ. हे आजोबा तुझ्याकडे बघतच नाहीयेत."

ज्याचं चित्र त्यानं बोलायचं नाही. मी आत चहा ठेवायला गेले.